शेजारची राज्ये एक का होतात?

रायगड जिल्ह्यातील रोहा हे कुंडलिका नदीच्या काठचे गाव. कोकण रेल्वेचा लोहमार्ग येथूनच सुरू होतो. मुंबईकडून पनवेल व पेण या गावांवरून येणारी आगगाडी रोह्यास पोहोचते आणि तेथून पुढे डोंगर, बोगदे व खाड्यांवरचे पूल ओलांडीत दक्षिणेची वाट धरते. महाराष्ट्र संपतो, गोवा लागतो; गोवा संपतो, कर्नाटक लागतो. सुमारे ७४० किलोमीटरांचा प्रवास करून हा मार्ग मंगळूरच्या जवळ पोहोचतो. वाटेत तीन राज्ये ओलांडली, तरी उतारूला कोठे गाडी बदलावी लागत नाही, पेटी उघडून दाखवावी लागत नाही, की खिशातील नाणी बदलून घ्यावी लागत नाहीत. कित्येकदा एक राज्य संपून दुसरे केव्हा लागले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

मुलांनो, हे इतके सोपे आहे की, त्यात नवल ते काय, असे तुम्हांस वाटेल. परंतु सीमा ओलांडणे नेहमीच असे सोपे नव्हते. ज्या ठिकाणी ते सोपे झाले, त्या ठिकाणी लोकांनी पुष्कळ विचार केला, पुष्कळ वाद घातले आणि मग शेजाऱ्याशी हातमिळवणी केली. शेजारची निरनिराळी राज्ये किंवा वसाहती एक देश होण्याचे का ठरवितात, ते आपण या पाठात पाहू.

आरंभ आपल्या परिसरापासूनच करू. आपला देश १९४७ साली स्वतंत्र झाला, तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते. रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले. पेण आणि रोहा हे तालुके कुलाबा जिल्ह्यात होते आणि त्यांच्यावर इंग्रजांचा प्रत्यक्ष अंमल होता. अशा मुलखास लोक ‘खालसा मुलूख’ म्हणत. परंतु या खालसा मुलखाच्या शेजारी दुसऱ्यांचे अंमल होते. रोह्याच्या नैर्ऋत्येस मुरूड. तेथे जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचे संस्थान. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन ही गावे त्याच संस्थानात मोडत. पूर्वेच्या बाजूस पाली व सुधागड किल्ला; तो मुलूख भोरच्या पंतसचिवांचा. त्यांची राजधानी भोर तर सह्याद्रीच्या पलीकडे, घाटावर होती.

आंबा नदी पालीच्या परिसरातून वाहत नागोठण्याकडे येते आणि पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. त्या काळी याच नदीचे पाणी पालीस भोर संस्थानातून आणि नागोठण्यास खालसा मुलखातून वाहत असे. नदी एक, काठावरची माणसे एकच भाषा बोलणारी, त्यांचे सण एक, शेती एक, एकमेकांत सोयरीकही होत असे. परंतु राज्ये मात्र दोन! राज्य बदलले की अंमलदार बदले, न्यायालय बदले, सारा ठरविण्याची रीत बदले. एका हद्दीतील पोलिसांचा अधिकार दुसऱ्या हद्दीत परस्पर चालत नसे. शाळा, रस्ते व दवाखाने यांची सोय त्या त्या राज्याच्या ऐपतीप्रमाणे आणि इच्छेप्रमाणे होई.

आता एक कल्पना करून पाहा. पेणचा एक व्यापारी पोहे, पापड आणि मिठागरातील मीठ गाडीत भरून विकावयास निघाला आहे. पेणपासून पालीस व पालीहून मुरूडला त्यास जावयाचे आहे. समजा, या तिन्ही ठिकाणी तीन स्वतंत्र देश आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या सीमेवर जकातीचा नाका बसविला आहे. पहिल्या नाक्यावर त्याची पोती सोडली जातील, माल मोजला जाईल व जकात घेतली जाईल. दुसऱ्या नाक्यावर पुन्हा तेच. जेवढी जकात तो भरील, तेवढी तो मालाच्या किमतीवर चढवील. म्हणजे पैसा व्यापाऱ्याच्या हातून गेला, तरी त्याचा भार अखेर मुरूडच्या गिऱ्हाइकावर पडणार. उद्या मुरूडची सुपारी पेणला येईल, तेव्हा हाच भार पेणकरांवर पडेल. नाके बसवून तिन्ही देशांना थोडे उत्पन्न मिळेल खरे. पण तिन्ही ठिकाणची माणसे महाग माल विकत घेत राहतील.

ही केवळ कल्पना झाली. परंतु जगाच्या एका भागात असे नाके खरोखरच होते आणि त्या नाक्यांना कंटाळूनच तेथील लोक एक झाले. तो भाग म्हणजे ऑस्ट्रेलिया.

ऑस्ट्रेलिया हा आज एक देश आहे. परंतु १९०० सालाच्या अखेरपर्यंत तेथे सहा निरनिराळ्या वसाहती होत्या : न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया व टास्मानिया. सहाही वसाहती इंग्लंडच्या साम्राज्यातील होत्या. तथापि प्रत्येकीचे सरकार वेगळे, विधिमंडळ वेगळे आणि जकातीचे नियमही वेगळे होते. न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या दोन वसाहतींमधून मरे नावाची मोठी नदी वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर जकातीचे नाके होते. नदीच्या अलीकडचा शेतकरी आपला माल पलीकडच्या बाजारात नेऊ लागला, की तो जणू परदेशी माल ठरत असे.

आगगाडीची गोष्ट तर याहून चमत्कारिक होती. न्यू साउथ वेल्समधील लोहमार्गाच्या दोन रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर होते, तर व्हिक्टोरियामध्ये ते १६०० मिलिमीटर होते. त्यामुळे एकीकडची गाडी दुसरीकडच्या रुळांवर चालणेच शक्य नव्हते. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या उतारूंना सीमेवरील ऑल्बरी या गावी आपले सामानसुमान घेऊन गाडीतून उतरावे लागे आणि दुसऱ्या गाडीत चढावे लागे. मालाची तीच गत. सारा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. प्रत्येक वसाहतीने आपले लोहमार्ग बांधताना केवळ स्वतःपुरता विचार केला, त्याचा हा परिणाम होता.

शेजाऱ्यांना एकत्र आणणारे पहिले कारण हे असे रोजच्या व्यवहाराचे असते. सीमेमुळे मिळणारा लाभ थोडा आणि सोसावा लागणारा त्रास अधिक, असे जेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांस कळून येते, तेव्हा ती सीमा पुसावी असे त्यांना वाटू लागते.

दुसरे कारण संरक्षणाचे. लहान राज्यास मोठे लष्कर व आरमार बाळगणे परवडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आसपासच्या बेटांवर फ्रान्स व जर्मनी यांनी पाय रोवले होते. जर्मनीने १८८४ साली न्यू गिनी बेटाचा काही भाग ताब्यात घेतला, तेव्हा वसाहतींना काळजी वाटू लागली. सहा ठिकाणी सहा लहान फौजा आणि त्यांचे सहा सेनापती असतील, तर शत्रू आल्यावर कोणी कोणाचा हुकूम पाळावयाचा? वसाहतींच्या संरक्षणाची पाहणी करणाऱ्या एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने १८८९ साली असा सल्ला दिला की, सर्व वसाहतींच्या फौजांनी एकत्र काम करावे आणि लोहमार्गही एकाच मापाचे असावेत. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सचे मुख्य मंत्री हेन्री पार्क्स यांनी टेंटरफील्ड या गावी भाषण करून सर्व वसाहतींचे एक सरकार असावे, असे आग्रहाने मांडले.

तिसरे कारण असे की, काही कामे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातील नसतात. दूर अंतराचा लोहमार्ग, टपाल व तारायंत्र, अनेक मुलखांतून वाहणाऱ्या नदीचे पाणी वाटून घेणे, ही अशी कामे होत. कॅनडाचे उदाहरण पाहा. तेथील काही वसाहती १८६७ साली एकत्र आल्या, तेव्हा त्यांना जोडणारा लोहमार्ग बांधण्याचे वचन देण्यात आले होते. पुढे १८७१ साली पश्चिम किनाऱ्यावरची ब्रिटिश कोलंबिया ही वसाहत त्या देशात आली, तीही लोहमार्गाच्या वचनावरच; तो मार्ग १८८५ साली पुरा झाला. आपली कोकण रेल्वेही अशाच सहकार्याने झाली. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या चार राज्यांनी केंद्र सरकारबरोबर भांडवलाचा वाटा उचलला. त्यासाठी १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. ही राज्ये जर परस्परांस परकी असती, तर सह्याद्रीच्या इतक्या अवघड उतारांवर एकसलग मार्ग बांधणे किती कठीण झाले असते, याचा तुम्हीच विचार करा.

चौथे कारण डोळ्यांस दिसत नाही. ते मनात असते. भाषा, चालीरीती, इतिहास व सुखदुःखे यांमुळे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना आपण एकच आहोत असे वाटू लागते. हा आपलेपणा नसेल, तर केवळ व्यापाराच्या सोयीसाठी झालेली एकी फार काळ टिकत नाही.

इतकी सबळ कारणे असूनही एकत्र येणे सोपे मात्र नसते. मोठ्या वसाहतीस वाटते, ‘लहानांचा खर्च आपल्यावर पडेल.’ लहान वसाहतीस वाटते, ‘मोठे आपल्याला गिळून टाकतील.’ ही भीती खोटी म्हणता येत नाही. दहा भाऊ असलेल्या घरात धाकट्याचे ऐकून घेण्याची रीत नसेल, तर धाकट्याने काय करावे? म्हणून एकी करताना धाकट्यास काही हमी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात टास्मानियाची लोकसंख्या थोडी होती. परंतु संसदेच्या वरिष्ठ सभागृहात मोठ्या न्यू साउथ वेल्सला जितक्या जागा, तितक्याच टास्मानियाला देण्यात आल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे उत्पन्न एकदम बुडू नये म्हणून तिला स्वतःची जकात पाच वर्षे उतरत्या दराने घेण्याची मुभा मिळाली. राजधानी सिडनी असावी की मेलबर्न, यावरून चुरस होती. तेव्हा दोन्ही शहरे सोडून नवीच राजधानी वसवावयाची, असे ठरले. तीच कॅनबेरा होय.

या साऱ्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढाऱ्यांच्या सभा व वाटाघाटी रेंगाळल्या होत्या, तेव्हा १८९३ साली मरे नदीच्या काठी असलेल्या कोरोवा या लहानशा गावी एक परिषद भरली. जकातीच्या नाक्यांचा जाच ज्यांना रोज सोसावा लागत होता, अशा सीमेवरच्या गावांतील मंडळी तिला आली होती. घटना तयार करणारे प्रतिनिधी लोकांनीच निवडावेत व तयार झालेल्या घटनेवर लोकांनीच मत द्यावे, अशी सूचना त्या परिषदेत मान्य झाली. पुढे तसेच घडले. १८९८ ते १९०० या काळात वसाहतींत मतदान झाले आणि १ जानेवारी १९०१ या दिवशी सहा वसाहतींचा मिळून एक देश झाला. सीमेचे दुःख सीमेवर राहणारालाच प्रथम कळते, हेच खरे. न्यूझीलंड या शेजारच्या वसाहतीने मात्र वेगळे राहणे पसंत केले आणि कोणी तिच्यावर बळजबरी केली नाही.

परंतु त्या एकीत एक मोठा अन्यायही होता. त्या भूमीचे मूळ रहिवासी हजारो वर्षे तेथे राहत होते. तरी नव्या घटनेने देशाच्या लोकसंख्येत त्यांची गणनाही करू नये असे ठरविले. हे कलम १९६७ साली लोकमताने रद्द करण्यात आले. एकत्र येताना ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांचे दुःख मागे उरतेच.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९४७ साली इंग्रज गेले, तेव्हा आपल्या देशात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण हे तीन विषय भारत सरकारकडे सोपवून संस्थानांनी भारतात सामील व्हावे, अशी योजना सरदार वल्लभभाई पटेल यांनी पुढे मांडली. या कामी व्ही. पी. मेनन यांनी त्यांना मोलाचे साहाय्य केले. परंतु लहान संस्थानांपुढे आणखी एक प्रश्न होता. एवढ्याशा उत्पन्नात उच्च न्यायालय, महाविद्यालय, मोठे रुग्णालय, पाटबंधारे यांचा खर्च कसा भागवावयाचा?

भोर, औंध, फलटण, सांगली, रामदुर्ग इत्यादी दख्खनच्या संस्थानिकांनी यावर एक उपाय योजून पाहिला. आपण सर्वांनी मिळून एकच संयुक्त संस्थान बनवावे, असे त्यांनी ठरविले. कल्पना चांगली होती; पण नकाशा आड आला. ही संस्थाने एकमेकांस लागून नव्हती. त्यांचे तुकडे कोकणापासून कर्नाटकापर्यंत विखुरले होते आणि मधूनमधून मुंबई प्रांताचा मुलूख पसरला होता. पालीच्या माणसाला रामदुर्ग कोठे आहे हे सांगता आले नसते. परंतु पेण आणि रोहा ही त्याची रोजची बाजारपेठ होती. त्याचा खरा शेजारी दूरचा संस्थानिक नसून आंबा नदीच्या खालच्या अंगाचा खालसा मुलखातील शेतकरी होता. तेव्हा मुंबई प्रांतात विलीन व्हावे, हाच मार्ग उरला. मार्च १९४८ मध्ये भोर आणि जंजिरा ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पाली, मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा सारा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला. आज पेण, रोहा, सुधागड व मुरूड हे एकाच जिल्ह्याचे शेजारी तालुके आहेत.

मोठ्या देशात सामील झाले म्हणजे आपले वेगळेपण सोडावे लागते काय? तसे नाही. याचीही दोन उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत. मराठी भाषकांचे एक राज्य असावे आणि मुंबई त्यात असावी, अशी मागणी महाराष्ट्रातील लोकांनी केली. १९५६ साली मुंबई केंद्र सरकारच्या ताब्यात ठेवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. देशाच्या एकीविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. आपल्या लोकांचे मत न विचारता निर्णय होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक माणसांनी प्राण वेचले. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

दुसरे उदाहरण गोव्याचे. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला व भारतात आला. तेव्हा तो महाराष्ट्रात विलीन करावा, असे पुष्कळांना वाटत होते. वेगळा ठेवावा, असेही पुष्कळांना वाटत होते. १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांचा कौल घेण्यात आला आणि सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने गोव्याने वेगळे राहण्याचा निर्णय दिला. महाराष्ट्रातील अनेकांना वाईट वाटले. परंतु तो निर्णय सर्वांनी मान्य केला. पुढे १९८७ साली गोव्यास राज्याचा दर्जा मिळाला. म्हणून गोवा आज महाराष्ट्राचा भाग नाही. पण रोह्याहून निघालेली गाडी मडगावला पोहोचते, तेव्हा उतारू परदेशात गेलेला नसतो. घरे दोन, अंगण एक, असा हा प्रकार आहे.

मुलांनो, यावरून तुमच्या ध्यानात आले असेल की, शेजारची राज्ये एक होतात ती केवळ राजांच्या किंवा मंत्र्यांच्या सह्यांनी नव्हे. सीमेचा त्रास माणसांना जाणवतो, एकत्र येण्यातील हित त्यांना पटते, दुर्बलास सबलाकडून हमी मिळते आणि प्रत्येकास ‘तुला काय वाटते?’ असे विचारले जाते, तेव्हाच खरी एकी होते. आणि सही झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. ऑस्ट्रेलिया १९०१ साली एक देश झाला. परंतु सिडनीहून निघालेल्या उतारूला गाडी न बदलता मेलबर्नला पोहोचता यावे, यासाठी १९६२ साल उजाडावे लागले. कागदावरची सीमा एका दिवसात पुसता येते. रुळांतील अंतर मिटवावयास वर्षे लागतात आणि मनांतील अंतर मिटवावयास कधी कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

कधी पालीस किंवा मुरूडला जाण्याचा योग आला, तर वाटेत जुनी हद्द कोठे होती, हे गावातील वडीलधाऱ्या माणसांस अवश्य विचारा. कदाचित त्यांनाही ती नेमकी दाखविता येणार नाही. भात दोन्हीकडे सारखेच पिकलेले दिसेल, बोलीही तीच ऐकू येईल आणि आंबा नदी पूर्वीसारखीच खाडीकडे वाहत असेल.